शेवटचं भजं

"हात लावू नका! खायची नाहीत, आधी वाटायची आहेत," आपिन्याबाईंनी तिसरीच्या वर्गाला पुन्हा बजावलं. केळ्याच्या गरम भज्यांचा वास मागच्या बाकापर्यंत पोचला होता.

आज त्यांचा खुला तास होता. मागे भिंतीशी आजूबाजूच्या शाळांचे हेडमास्तर बसले होते आणि मधोमध जिल्ह्याच्या पर्यवेक्षक चंतानामॅडम. गणित मुलांनी स्वतः शोधायचं, बाईंनी उत्तर सांगायचं नाही, अशी जिल्ह्याची नवी योजना होती. तिच्यात आता एकाच शाळेची जागा उरली होती. ती मिळाली तर बाईंची पद्धत चालू राहणार. नाही मिळाली तर सोमवारपासून पुन्हा पाढ्यांची घोकंपट्टी, असं त्यांचे हेडमास्तर वीरापोन यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. घोकंपट्टीच्या नुसत्या आठवणीने बाईंचं डोकं दुखायचं.

गणित सोपं होतं. चार मुलं, बारा भजी. प्रत्येकाला किती?

"तीन, तीन, तीन, दोन," पहिल्या गटातला मोट म्हणाला. "आणि एक उरलं."

"उरेल कसं? फान, तुझ्याकडे दोनच आहेत ना? मग घे की ते."

फानने दोन्ही हात पाठीमागे नेले. "बाई, शेवटचं आहे. शेवटचं कसं घेऊ?"

"अगं, तुझ्याच वाट्याचं आहे!"

"मोटला द्या."

"मी नाही बाबा! हावरट म्हणतील मला."

ताटातलं शेवटचं उचलायचं नाही, हे मुलं बोलायला लागण्याआधी शिकली होती. प्रत्येक गटाच्या ताटात एकेक भजं केविलवाणं पडून होतं. उत्तर सांगायची सोय नव्हती. नियम बाईंनीच मोठ्या हौसेने फळ्यावर लिहिला होता.

मग त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी मोटच्या गटाच्या ताटात आणखी एक भजं ठेवलं. आता आधीचं शेवटचं राहिलं नाही. फानने ते लगेच उचललं आणि खाऊनही टाकलं.

"आता सगळ्यांना तीन! बरोबर?" बाई हरखल्या.

"बरोबर," मोटने ताट पुढे केलं. "आणि एक उरलं."

वीरापोनसरांना राहवेना. मागे बसलेल्यांनी तासात तोंड उघडायचं नसतं, पण घरोघरी म्हणतात तेच ते मोठ्यांदा बोलून गेले, "शेवटचं खाईल तिला देखणा नवरा मिळतो!"

मुली किंचाळल्या. मुलगे बाकांवर लोळू लागले. ज्यांचा हात जरा पुढे सरकला होता, त्यांनीही तो झटकन मागे घेतला.

"अरे, ही भजी आहेत की साप?" बाई कडाडल्या. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मोट उभा राहिला. "बाई, कळलं! बारा भजी चौघांना पुरवायची असतील, तर तेरा आणायची."

बाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

पण तासानंतर चहाच्या वेळी मॅडम म्हणाल्या, "मला तास फार आवडला. त्या पोराने स्वतःचं डोकं चालवलं. एकच जागा उरलीय, आपिन्या. तुम्ही घेता ना?"

'हो' बाईंच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बाकीच्या हेडमास्तरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. सगळे वयाने मोठे, सगळे त्याच जागेसाठी आलेले, आणि सगळे गोड हसत होते.

"अं... मॅडम, आधी या सरांना विचारा ना."

"छे छे, बाईंनाच द्या," एक हेडमास्तर म्हणाले.

"आमचं काय, पुढच्या वर्षी बघू," दुसरे म्हणाले.

"नको नको, तुम्हीच घ्या," बाई म्हणाल्या, आणि आपण हे काय बोलतोय ते त्यांना ऐकूही येत होतं.

मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली, सगळ्यांना हात जोडले आणि ती जागा तशीच घेऊन गाडीत बसल्या.

"छान बोललात, बाई," वीरापोनसर गहिवरून म्हणाले. वर्षभरात त्यांनी बाईंची केलेली ही पहिलीच स्तुती. "सोमवारी दोनच्या पाढ्यापासून सुरुवात करा."