अण्णांचं मागचं सीट

मोटारसायकल विकत घ्यायला गेलेला माणूस आधी पुढच्या सीटवर बसतो. हँडल धरतो, आरशात स्वतःचं तोंड बघतो आणि मग किंमत विचारतो. आमच्या शेजारचे चनबसप्पाअण्णा मात्र जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेले आणि थेट मागच्या सीटवर जाऊन बसले. तेही दोन्ही पाय एका बाजूला सोडून.

“अण्णा, चलानेवाला आगे बैठता!” दलाल रशीदभाई कळवळून म्हणाला.

“पुढचं हे पोरगं बघंल,” माझ्याकडे बोट करून अण्णा म्हणाले. “मला मागचं बघायचं हाय. मागचं आधी, पुढचं मग.”

ते पोरगं म्हणजे मी. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होतो आणि अख्ख्या गल्लीत मोटारसायकल माझ्याच एकट्याकडे होती. त्यामुळे या विषयातला अधिकारी माणूस मीच, असा माझाही समज होता. मी रशीदभाईच्या गाड्या एकेक करून चालवायच्या आणि अण्णांनी मागे डोळे मिटून बसायचं, असं सुरू झालं. पहिल्या गाडीचं सीट मागे उतरतं होतं, माणूस घसरतो म्हणून ती गेली. दुसरीला धरायला काहीच नव्हतं. तिसरीचं इंजिन खोकत होतं, धूर तर असा की मागचे सायकलवाले शिव्या देत होते. अण्णा तिच्यावर माझ्या मागे बसून किल्ल्याला वळसा घालून आले आणि म्हणाले, “हीच. बसायला लई झ्याक हाय.”

“अण्णा, इंजिन?”

“इंजिन दुरुस्त होतंय की रे. माणूस पडल्यावर दुरुस्त होत न्हाय.”

आता अण्णांविषयी थोडं सांगायला हवं. माणूस पन्नाशीला टेकलेला, चादरींचा व्यापारी, पांढरं धोतर, काळा कोट, कपाळावर विभूती. घरात कानडी, दुकानात मराठी. सोलापुरात तेव्हा गिरणीचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली. ज्याला चालता येत होतं त्याला सायकल येत होतीच. पण अण्णा दुकानात रोज पायी जायचे आणि पायीच यायचे. अशा माणसाने या वयात मोटारसायकल घ्यावी, म्हणजे गल्लीला महिनाभराची करमणूक झाली. गौरावैनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, तेवढ्या काही बोलल्या नाहीत. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आत जाऊन ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.

शिकवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. पहाटे होम मैदानावर जायचं. धोतर साखळीत जाऊ नये म्हणून अण्णा ते गुडघ्यापर्यंत आवळून बांधत आणि पैलवानासारखे उभे राहत. किक मारण्याआधी गाडीला नमस्कार करत. क्लच सोडताना “निधान, निधान” असा जप चाले. निधान म्हणजे कानडीत सावकाश. गाडी मात्र कानडी जाणत नव्हती, ती बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. तरी अण्णांनी चिकाटी सोडली नाही. वळायच्या आधी ते मान फिरवून मागे बघत, हात दाखवत, पुन्हा मागे बघत, आणि तोवर वळण निघून जाई.

सरळ जाता यायला लागल्यावर अण्णांनी एक नवीनच प्रकार काढला. लोहाराकडून मागच्या चाकाला लोखंडी जाळी बसवून आणली. डाव्या बाजूला पाय ठेवायला चांगली रुंद पट्टी लावली. आणि एके दिवशी मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं बांधून आणलं. पोतं भरदार होतं आणि डाव्या अंगाला जरा कललेलं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“सवय.”

त्यानंतर सोलापूरने ते दृश्य रोज पाहिलं. पुढे अण्णा, मागे पोतं. खड्डा आला की अण्णा म्हणत, “खड्डा हाय, निधान.” वळण आलं की म्हणत, “वळतोय हं, घट्ट धर.” पोतं काही बोलत नसे. टांगे, बैलगाड्या, हातगाड्या सगळे अण्णांना मागे टाकून पुढे जात. भोंगा व्हायची वेळ झाली की अण्णा गाडी कडेला लावून खाली उतरत आणि शेवटची सायकल जाईपर्यंत पोत्यावर हात ठेवून उभे राहत.

शेवटी एकदा चौकातल्या हवालदाराला संशय आला. त्याने गाडी थांबवली.

“कोणाशी बोलताय, अण्णा? पोत्यात काय हाय?”

“माणूसच समजा की,” अण्णा सहज म्हणून गेले.

हवालदाराने पोत्याचं तोंड सोडलं. ज्वारी धो धो चौकात! कबुतरं आली, दोन शेळ्या आल्या, लोक जमले. मी मागून माझ्या गाडीवर येत होतो. अण्णांबरोबर खाली बसून ज्वारी भरता भरता माझं डोकंच फिरलं.

“हे काय खूळ घेतलंय अण्णा? लोक हसतात!”

अण्णा ओंजळीतल्या ज्वारीतले खडे निवडत राहिले. मग हळूच म्हणाले, “लग्न नवं होतं बघ. हिला सायकलवर मागं बसवून गड्ड्याच्या जत्रेला नेलती. येताना घराजवळच्या वळणावर पडली. मनगट मोडलं, वाकडंच बसलं. म्या पाडली तिला. सायकल त्याच दिवशी विकली. आता एकदा तिला गड्ड्याला न्यायची हाय आन् न पाडता घरी आणायची हाय. बस्स, येवढंच.”

“मग वैनींना विचारलंत?”

“आदी वळायला तर येऊ दे की.”

मी पोत्याचं तोंड पुन्हा आवळून बांधलं. पोतं कोणाच्या अंदाजाने भरलंय हे तेव्हा मला कळलं. दिवाळीनंतर त्यात आणखी दोन शेर ज्वारी वाढली, तेव्हा मी काही विचारलं नाही.

संक्रांत झाली, सिद्धेश्वराचा गड्डा भरला. पाळणे लागले, भेंडबत्ताशांची दुकानं लागली. अण्णा रोज संध्याकाळी गाडी पुसून दारात उभी करत, पोतं बांधत, दाराकडे बघत, आणि एकटेच पोत्याला घेऊन एक चक्कर मारून येत. जत्रा उठायला आली तरी यांचं तोंड उघडेना. मीच विचारतो म्हणालो, तर माझा हात धरून म्हणाले, “नको रे. न्हाय म्हणाली तर?”

त्या संध्याकाळी ते असेच गाडीभोवती घुटमळत होते. मी माझ्या ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात गौरावैनी बाहेर आल्या. अंगावर इरकली लुगडं, केसात अबोलीचा गजरा. गाडीपाशी येऊन त्यांनी कमरेवर हात ठेवले.

“त्या पोत्याला उतरवा की आदी. माझ्या जागेवर कवापासनं बसलंय.”

अण्णांच्या हातातलं फडकं खाली पडलं. “तू... बसतीस?”

“म्या कवा न्हाय म्हटलं? तुमी इचारलं कवा?”

“अगं, पर त्या वळणावर म्या तुला...”

“तुमचं वळण बरोबर होतं,” वैनी जमिनीकडे बघत म्हणाल्या. “म्या तुमच्या कमरेला धरून बसलेली. समोरनं मामंजी आले. म्या दोनी हातांनी डोक्यावर पदर घ्यायला गेले. मग धरायला हात कुटं ऱ्हायला?”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“काय सांगू? घरात सगळ्यांफुडं सांगू, की नवऱ्याच्या कमरेला धरलं होतं म्हणून? लाज वाटली. मग तुमी सायकलच विकली. मला वाटलं, माझ्यावर रागावला.”

मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णा पोत्याची गाठ सोडायला गेले, ती सुटेना. शेवटी पोतं मीच उतरवून माझ्या ओट्यावर ठेवलं. वैनींनी पदर कमरेला घट्ट खोचला, डोकं तसंच उघडं ठेवलं, पट्टीवर पाय टेकून सीटवर बसल्या आणि त्या वाकड्या मनगटाच्या हाताने नवऱ्याच्या कमरेला धरलं. सगळ्या गल्लीदेखत!

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. कोपऱ्यावर अण्णांनी हात दाखवला आणि नेहमीप्रमाणे मान फिरवून मागे बघितलं. ते बघतच राहिले. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि सायकलींचा लोंढा समोरून यायला लागला. आता हे गाडी कडेला लावून उतरणार, असं मला वाटलं.

“मागचं लई बघितलं,” वैनी म्हणाल्या. “आता फुडं बघा की.”

अण्णांनी मान सरळ केली आणि दोघं त्या सायकलींच्या गर्दीतून गड्ड्याकडे निघून गेले.