खराड्यांचे तीन हजार नऊशे बारा किलोमीटर

डॉ. भालचंद्र टिपणीसांनी थोडी वापरलेली स्पोर्ट्स गाडी घेतली तो दिवस मंगळवार होता की बुधवार, हे त्यांना आता खात्रीने सांगता येत नाही. पण गाडीबरोबर पहिल्या मालकाचे तीन हजार नऊशे बारा किलोमीटर त्यांच्या आठवणीत जमा झाले आणि तेवढेच त्यांचे स्वतःचे वजा झाले, याबद्दल शंका नाही, कारण त्याची शिक्क्याची प्रत त्यांच्याकडे आहे.

नव्या गाडीला ही अडचण नसते, ती कोरीच येते. फार जुन्या गाडीचे किलोमीटर चार-सहा मालकांच्या हातून झिजून गेलेले असतात, त्यातून एखादा टोलनाका आठवला तर आठवला. खरा प्रश्न थोड्या वापरलेल्या गाडीचा. तिच्यातले किलोमीटर ताजे असतात आणि गाडीला चिकटून येतात. विकणाऱ्याच्या आयुष्यात तेवढं भगदाड राहू नये म्हणून घेणाऱ्याने आपले तेवढेच किलोमीटर त्याला द्यायचे, असा नियम आहे आणि तो रास्त आहे.

टिपणीस सर तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. जुन्या पत्रांवर तारीख नसली तर ती कागदावरून, शाईवरून आणि मजकुरातल्या इशाऱ्यांवरून ठरवणं हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यावर त्यांच्या नावावर दोन डॉक्टरेट होत्या, आणि पहिलीत काही चुकलं असेल या धास्तीने आपण दुसरी केली, असं ते स्वतःच सांगत. घराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहात, आणि चौकापर्यंत गेल्यावर आपण नक्की तीनदा ओढलं का, म्हणून परत येत.

अशा माणसाला उद्यमनगरातल्या एका वॉशिंग सेंटरवर ती गाडी दिसली. गर्द हिरवी, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला लागून निजल्यासारखी. सर अर्धा तास उन्हात उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट संदर्भाशिवाय आवडली होती.

गाडीचा मालक इंद्रजित खराडे हा फाउंड्रीवाल्या खराड्यांचा मुलगा, चौतीस वर्षांचा, मोकळा माणूस. "बसून बघा की सर," तो म्हणाला. "लोण्यागत पळतीय. विकायचं कारण एवढंच, की घरात पाळणा हलला. दोन शिटांत तिघं कसं मावायचं? बायको म्हणती, पोराला काय डिकीत घालू?"

"किती चालली आहे?"

"चार हजारसुद्धा नाही. तीन हजार नऊशे बारा. एक एक किलोमीटर मजेत काढलाय सर, तुमाला मिळंल तवा कळंल."

सरांच्या पत्नी इंदूताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "तुमचे गुडघे यात बसतील," त्या म्हणाल्या, "उठतील का ते विचारून घ्या." पण त्यांनी नको म्हटलं नाही. पंचेचाळीस वर्षांत नवऱ्याने प्रथमच काहीतरी मागितलं होतं, ते किती दिवस टिकतं, हे त्यांना पाहायचं असावं.

हस्तांतरण कार्यालयातल्या लोखंडेबाईंनी अर्ज तपासला. "तुमचे स्वतः चालवलेले एकूण किती?"

सरांनी पिशवीतून डायऱ्या काढल्या. त्यांच्याकडे एकोणीसशे ऐंशीपासून सात वर्षं एक फियाट होती. भीतीपोटी ती ते क्वचितच बाहेर काढत, आणि काढली की आकडा लिहून ठेवत. सगळी बेरीज चार हजार एकशे ऐंशी भरत होती.

"आयुष्यभरात?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "माझा भाऊ एवढं एका महिन्यात चालवतो."

"तो काय करतो?"

"दुधाचा टँकर." त्यांनी वजाबाकी केली. "म्हणजे तुमच्याकडे दोनशे अडुसष्ट राहतील. ते कुठले ठेवायचे ते लिहून आणा. फेरी अख्खी ठेवायची, अख्खी द्यायची. अर्धी मोडून मिळत नाही."

"आणि दिलेलं पुन्हा आठवणार नाही?"

"सर, दिलेलं ते दिलेलं. तुम्ही तिथे गेला होता हे कागदावर राहील. बाकी समोरच्याकडे."

घरी आल्यावर सरांनी जेवणाच्या टेबलावर डायऱ्या मांडल्या. सांगलीच्या लग्नांच्या फेऱ्या, गगनबावड्याची सहल, डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या खेपा हे सगळं द्यायला त्यांची हरकत नव्हती. अखेर प्रश्न दोन फेऱ्यांपाशी येऊन थांबला. एक साताऱ्याची, दोनशे बेचाळीस किलोमीटरची. दुसरी रत्नागिरीची, दोनशे चौसष्ट. दोनशे अडुसष्टात त्यांतली एकच मावत होती.

साताऱ्याला सर एकटे गेले होते. एका घराण्याकडचं दप्तर पाहायचं ठरलं होतं. पण घराला कुलूप होतं, मंडळी जेजुरीला गेलेली. सर पायरीवर दोन तास बसले, शेजारणीने दिलेलं पाणी प्यायले आणि परत आले. एवढंच.

रत्नागिरीला दोघं मिळून गेले होते, इंदूताईंच्या भावाकडे. तिथे पंगतीत मेहुण्याने कुलदैवताच्या देवळाचं वर्ष सांगितलं, आणि सरांनी ते चाळीस वर्षांनी चुकल्याचं सर्वांदेखत सिद्ध करून दाखवलं. परत येताना आंबा घाटात इंदूताई म्हणाल्या, "थांबवा गाडी." त्या उतरल्या, दार आपटलं आणि कोल्हापूरच्या दिशेने चालू लागल्या. सर त्यांच्या चालीने गाडी चालवत बाजूने येत राहिले. घाट संपता संपता त्या पुन्हा आत बसल्या. डायरीत एवढंच होतं : 'उशीर झाला.'

"यात विचार कसला करायचा?" इंदूताई म्हणाल्या. "रत्नागिरी ठेवा."

"तसं नाही, इंदू. साताऱ्याला मी एकटा होतो. मी विसरलो तर ती घटना जगातून गेली. रत्नागिरीला तू होतीस. ती तू सांगू शकतेस."

"म्हणजे मी आहे म्हणून ती टाकायची?"

"टाकायची नाही. पद्धत अशी आहे, की ज्या गोष्टीला दुसरा साक्षीदार नाही, तिचं मूळ साधन आधी जपायचं. दुसरीला निदान ऐकीव पुरावा असतो."

"पंचेचाळीस वर्षं संसार केला," इंदूताई म्हणाल्या, "आणि मी ऐकीव!"

सरांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "शिवाय त्या फेरीबद्दल आपल्यात एकवाक्यता नाही."

हे खरं होतं. घाटात नवऱ्याने एकदाही 'चुकलं' म्हटलं नाही, असं इंदूताईंचं चाळीस वर्षांचं म्हणणं होतं. सरांना वाटत होतं की आपण म्हटलं. पण आपण ते खरंच म्हटलं, की म्हणायला हवं होतं म्हणून नंतर म्हटल्यासारखं वाटू लागलं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. कुठल्याही पत्राच्या बाबतीत असा घोळ असता तर त्यांनी तो पुरावा संशयित म्हणून बाजूला ठेवला असता. त्यांनी तेच केलं. अर्जावर 'राखीव : सातारा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि उरलेल्या सव्वीस किलोमीटरांपुरत्या गावातल्या दोन खेपा.

इंदूताईंनी अर्ज वाचला, घडी घालून पाकिटात ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या छत्री घेऊन जा."

हस्तांतरणाला अकरा मिनिटं लागली. त्यासाठी बॉनेट गार असावं लागतं. सर आणि इंद्रजित यांनी समोरासमोर उभं राहून त्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि लोखंडेबाई घड्याळाकडे पाहात राहिल्या. नारळ फोडायची गरज पडली नाही. तो फोडल्याचं सरांना आठवू लागलं होतं. पाठोपाठ महामार्गावरची एक पहाट आठवली, काटा एकशे ऐंशीवर आणि शेजारी हसणारी एक तरुण बाई. तिला आंबोळ्या आवडतात, हेही त्यांना कळलं.

इंद्रजितने हात काढले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "सर," तो हळूच म्हणाला, "ही एवढी भीती कुठं ठेवायची?"

"मी ती छातीत डाव्या बाजूला ठेवत असे," सर म्हणाले. "पण तुम्ही तुमच्या सोयीने बघा."

पहिले काही महिने बरे गेले. सर खराड्यांच्या हाताने गाडी चालवत. सोसायटीच्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासू नये म्हणून वॉचमन दोन फळ्या लावून देई आणि सर त्यांवरून अशा सफाईने जात, की समोरचे निवृत्त कर्नलही गॅलरीत येत. कुलूप ते एकदाच ओढत. फक्त एकदा सकाळी ते म्हणाले, "ऋतुजा, पेपर दे गं." इंदूताईंनी पेपर दिला आणि विचारलं, "कोण ही?" सरांनी खरं ते सांगितलं, इंद्रजितची बायको. "बरी आहे का दिसायला?" त्यांनी विचारलं. "बरी आहे," सर म्हणाले. "आंबोळ्या चटणीशिवाय खाते." "मग कसली बरी!" इंदूताई म्हणाल्या आणि तो विषय संपला.

न संपणारा विषय घाटाचा होता. सरांना आता रत्नागिरीचा मेहुणा आठवत होता, त्याचं घर आठवत होतं, पण गाडीतलं काही आठवत नव्हतं. आंबा घाट ही त्यांच्या लेखी नकाशावरची जागा होती. स्वतःविषयी विचार करू लागले, की साताऱ्याची पायरी तेवढी लख्ख दिसे : पाण्याचा तांब्या, बंद दार, आणि आपण एकटे.

एके दुपारी ते स्वयंपाकघरात गेले. "इंदू, मला घाटाचं सांग."

इंदूताई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. देवळाचं वर्ष, भावाचा पडलेला चेहरा, वाटेत तुटलेला चपलेचा अंगठा. "आणि तुम्ही शेजारून नुसते गाडी चालवत होता. एक शब्द नाही."

आता दुसरी बाजूच उरली नव्हती. सरांनी साधन तपासलं, त्यात खोट काढण्याजोगं काही आढळलं नाही आणि ते म्हणाले, "मग माझं चुकलं, इंदू."

इंदूताईंनी मान वर केली. "कशाबद्दल?"

"तू आत्ता सांगितलंस त्याबद्दल."

"तुम्हाला आठवतंय का ते?"

"नाही."

"मग ही माफी कसली? ही तर सही झाली, मी लिहून दिलेल्या कागदावर." त्यांनी शेंगांची परात पुढे ओढली. "तुमच्याकडे होतं तेव्हा म्हणाला असतात तर घेतलं असतं मी."

सरांनी कार्यालयात जाऊन एक फेरी परत मिळेल का, म्हणून विचारलं. लोखंडेबाईंनी नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. परत मिळत नव्हती. मात्र नव्या धारकाची हरकत नसेल तर तोंडी चौकशी करता येत होती. सरांनी इंद्रजितला फोन लावायचा म्हणून नंबर लिहून घेतला, आणि तो सहा वर्षं लावला नाही. त्यांना वाटे, उत्तर इंदूच्या बाजूने आलं तर? आणि कधी वाटे, आपल्या बाजूने आलं तर एवढी वर्षं तिचं माफ करायचं राहून गेलं, याचा हिशेब कोणी करायचा?

अखेर इंद्रजितच आला, मुलाच्या मुंजीचं आमंत्रण घेऊन. आता त्याच्याकडे सात जणांची मोठी गाडी होती आणि ती त्याने गेटच्या बाहेर, हॅंडब्रेक लावून, पहिल्या गिअरमध्ये, चाकाखाली वीट ठेवून उभी केली होती.

"चाळीसच्या वर गाडी जातच नाही हो काकू माझ्या हातनं," खाली मान घालून तो इंदूताईंना म्हणाला. "ऋतुजा म्हणती, बैलगाडी बरी. वळण आलं की हॉर्न, नाही आलं तरी हॉर्न. ही सगळी सरांची देणगी."

इंदूताईंनी त्याच्यापुढे पोहे ठेवले. सरांनी चमचा बशीत ठेवला. मग त्यांनी कागद घेतला, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, "इंद्रजितराव, आंबा घाट. फियाट. एकोणीसशे त्र्याऐंशी. मी काही बोललो का? आठवत नसेल तर नाही म्हणा, मनाचं सांगू नका."

इंदूताई दारातच थांबल्या.

इंद्रजितने डोळे मिटले. "आठवतंय की. मी त्यातनं कितीदा तरी जातो. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला. काकू डाव्या अंगानं चाललेल्या, निळं लुगडं—"

"पातळ," इंदूताई म्हणाल्या.

"पातळ. डाव्या बाजूची काच वर होती. ती खाली करायला तुमाला तिकडं वाकावं लागलं असतं, आणि वाकला असता तर गाडी दरीत गेली असती, असं तुमाला वाटत होतं." त्याने डोळे उघडले. "तुम्ही म्हणाला होता, सर. दोनदा. दुसऱ्यांदा मोठ्यांदा. पण काच वर होती."

सरांनी तारीख घातली, साक्षीदाराचं नाव लिहिलं आणि कागद इंदूताईंपुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ती काच मीच लावली होती," त्या म्हणाल्या. "उतरायच्या आधी."

सरांनी तेही खाली लिहून घेतलं.