वाटीच्या बुडाला

"उद्या सगळ्या लातूरची क्रेडिट कार्डं लुटली गेली, तरी माझं शाबूत राहील," असं सौदामिनीबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी भरलेल्या खोलीत सांगून टाकलं. शंका कुणालाच आली नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना ज्या बाईंनी ॲसिडची बाटली कधी लेबलाशिवाय ठेवली नाही, त्यांना कोण लुटणार?

मग त्यांनी नियम सांगितले. अनोळखी लिंक उघडायची नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवायचा. पिन जन्मतारखेचा नको, गाडीच्या नंबराचा नको, कुणाच्या डोक्यात येणार नाही असा हवा. "आणि तो लिहून कुठंही ठेवायचा नाही," हे वाक्य त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं, कारण ते आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या नवऱ्यासाठी होतं. रेणुकादासरावांना पिन लक्षात राहत नसे. कॅलेंडरवर, चष्म्याच्या डबीवर, गॅसच्या पुस्तकावर त्यांनी लिहिलेला पिन बाईंनी वेळोवेळी खोडून काढला होता.

बायकांनी माना डोलावल्या, तिळगूळ घेतला, वाणाची स्टीलची वाटी घेतली आणि घरी गेल्या.

पुढच्या आठवड्यात शेजारची रत्नम्मा दारात आली. "मॅडम, नंबर लई झकास दिलात बघा."

"कोणता नंबर?"

"वाटीच्या बुडाला घातलाय की. सात शून्य चार सहा."

सौदामिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या, उरलेल्या वाट्यांपैकी एक उलटी केली. सुबक अक्षरात कोरलं होतं : सौ. सौदामिनी. खाली तितक्याच सुबकपणे त्यांच्या कार्डाचा पिन. दुसरी वाटी उलटी केली. तिसरी. मग थांबल्या.

राग आला की बहुतेकांचा आवाज चढतो. सौदामिनीबाईंचा उतरायचा. "अहो," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की रेणुकादासराव पेपर टाकून उभे राहिले.

"मी एकाच वाटीवर घाल म्हटलं होतं," ते म्हणाले. "माझ्या औषधाच्या. भांडेवाल्याला कागदावर तुझं नाव दिलं, त्याखाली नंबर दिला. त्यानं सगळ्यांवरच घातला."

"तुम्ही पाहिलं नाहीत?"

"पाहिलं ना. पण कुणाला कळणार कशाचा आहे ते? आणि तू लिहू नका म्हणालीस. मी कुठं लिहिलाय? कोरलाय."

बाईंचा आवाज आणखी उतरला. "या घरात तुम्हाला यापुढं फक्त औषध मिळेल. वाटी मिळणार नाही."

"भांडू नका मॅडम," रत्नम्मा मध्ये पडली. "आम्हाला तर वाटलं, तुम्हीच इचार करून दिलाय. जन्मतारखेचा नको, गाडीचा नको म्हणालात अन् लगेच हातात वाटी दिली. गल्लीतल्या समद्यांनी तोच ठेवलाय की."

"काय ठेवलाय?"

"पिन. समद्यांनी. हाव."

सौदामिनीबाई खुर्चीवर बसल्या. आपला पिन बदलायला त्यांना मोबाइलवर एक मिनिट पुरलं. नवा पिन त्यांनी नवऱ्याला सांगितला नाही. त्या त्यांच्याशी बोलतच नव्हत्या. मग चपला घालून त्या दारोदार निघाल्या. उद्या कुणाचं कार्ड रिकामं झालं, तर बोट त्यांच्याच वाटीकडे जाणार होतं.

"वाटी परत द्या," त्या पहिल्या घरी म्हणाल्या.

"वाण कुणी परत मागतं का, मॅडम?" त्या घरच्या बाईंचा चेहरा पडला. "आमचं काही चुकलं का?"

दुसऱ्या घरी त्यांनी वाटीचं नावच काढलं नाही. "पिन बदला. आज, आत्ता."

"बदलते की. कोणता ठेवू, तुम्हीच सांगा."

"मी सांगितला तर तो पिन कसला?"

"मग मागचा कसा सांगितलात?"

तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी चहा मिळाला आणि तेच. संध्याकाळी त्या रत्नम्माकडे पोचल्या, तेव्हा त्यांना कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नव्हतं.

"बदलते मॅडम," रत्नम्मा म्हणाली. "पण मालक उद्या नांदेडला लग्नाला चाललेत. त्यांच्या आत्ता कुठं ध्यानात बसलाय. आल्यावर बदलू."

त्याच लग्नाला, रत्नम्माच्या नवऱ्याच्या, वीरण्णाच्याच गाडीतून, रेणुकादासराव सकाळी निघून गेले. सवयीनं बाईंचं कार्डही घेऊन गेले. दुपारी वाटेतल्या लोह्याहून फोन आला.

"सौदामिनी, पेट्रोल भरलं अन् कार्ड चालेना. पिन चुकीचा म्हणतंय."

बाईंना दोन दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं. "चालणारच नाही. म्हणजे माझं कार्ड सुरक्षित आहे. मग काय केलंत?"

"काय करणार? वीरण्णा मोबाइलवर बोलत होता. त्यानं खुणेनंच त्याचं कार्ड माझ्या हातात दिलं. पिन मीच टाकला. पहिल्या झटक्यात लागला बघ." पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. "हॅलो? सौदामिनी? अगं, तुझा आवाजच येऊन नाही राहिला."