लव्हाळ्याला काही करावं लागत नाही

नोकरीतून रिटायर झालेल्या माणसानं पहिलं वर्षभर काहीच ठरवू नये, असं माझं मत झालं आहे. मी सहाव्या महिन्यात ठरवलं, आणि तेही एवढंच की न्हाणीमागच्या चिखलाचं काहीतरी करायचं.

आमचं घर रांझीला. तिथल्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी छत्तीस वर्षं कारकुनी केली. घराच्या मागच्या बाजूला दोन पलंग मावतील एवढी जागा बारा महिने ओली असते. वॉशिंग मशीनचं पाणी तिथं, कूलरचं पाणी तिथं, आणि शेजारच्या दुबेजींची टाकी भरून वाहिली की तेही पाणी तिथंच मुक्कामाला. त्या जागेत मी लॉन लावलं, ते कुजलं. गुलाब लावले, ते पिवळे पडून गेले. गिट्टी टाकली, तर काळ्या मातीनं ती गिळली आणि वर पुन्हा चिखल काढून दाखवला. शेवटी मीरानं (माझी पत्नी, शाळेत गणित शिकवते, घरी मला शिकवते) जाहीर केलं की दसऱ्यापर्यंत काही झालं नाही तर ती तिथं सिमेंट ओतून मोकळी होईल.

आमची मुलगी समिधा भोपाळला बागा आखून देणाऱ्या एका ऑफिसात आहे. मी तिला फोन लावला.

"बाबा, गीली जगह है, तर गिल्या जागेत राहणारंच लावा ना," ती म्हणाली. "अपना देसी लव्हाळा. खाद नाही, कटाई नाही. उसको कुछ नहीं लगता."

ते 'कुछ नहीं' मला फारच आवडलं. उभ्या नोकरीत मी अशाच कामाच्या शोधात होतो.

लव्हाळा म्हणजे नाल्याकाठी झुबक्यांनी उगवतो तो. लांबून गवतच वाटतं, पण काडी चिमटीत धरून फिरवली की तीन कडा बोटाला लागतात. हे ज्ञान घेऊन मी खुरपी आणि दोन पिशव्यांसह ग्वारीघाटाच्या अलीकडे एका नाल्यात उतरलो. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलात, दर काडी चिमटीत फिरवून बघतो आहे, एवढ्यात काठावरून एक पंडितजी हळू आवाजात म्हणाले, "घर में कौन गया, भैया?"

त्यांना वाटलं मी श्राद्धासाठी दर्भ शोधतो आहे. माझं लक्ष काडीत.

"लॉन गया, पंडितजी. दो साल पहले."

त्यांनी हात जोडले. मग म्हणाले की दुःखात माणसाचं असं होतं, पण ही कुशा नव्हे, घाटावर या, चांगली देतो. मी मान डोलावली आणि पिशव्या घेऊन निघालो. ते बराच वेळ माझ्याकडे काळजीनं बघत होते.

चाळीस झुबके लावले. मान एकानंही टाकली नाही. आठव्या दिवशी नवी हिरवी पाती फुटली, पाणी मुळांत जिरायला लागलं, आणि मी खुर्ची टाकून त्यांच्यासमोर काहीही न करता बसू लागलो. मला एवढं यश कारखान्यात कधी मिळालं नव्हतं.

आता बापूंबद्दल सांगायला हवं. बापू म्हणजे माझे सासरे, वय एक्क्याऐंशी. पांढुर्ण्याला संत्र्याची बाग होती. सासूबाई गेल्या, बाग ठेक्यानं दिली, आणि उन्हाळ्यात मीरा त्यांना आमच्याकडे घेऊन आली. आल्यापासून ते व्हरांड्यात बसत. भाकरी अर्धी खात, आणि तासातासानं किती वाजले ते विचारत, जणू कुठली गाडी पकडायची आहे. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि काही नाही म्हणाले. एकदा रात्रीच्या जेवणाला ते मीराला एवढंच म्हणाले, "मले पांढुर्ण्याले सोडून दे, बाई. इथं मी कोणाच्या कामाचा नाही." मीरा नंतर ओट्याशी पाठ करून बराच वेळ एकच पातेलं घासत होती. मी ते पातेलं पुसून ठेवलं.

तर लव्हाळ्याच्या पंधराव्या दिवशी मी भाजी घेऊन परत आलो, आणि मागच्या दारात बापू उभे. धोतर चिखलानं भरलेलं, हातात माझी खुरपी, आणि चेहरा असा की मी तो त्यांच्या मुलीच्या लग्नात पाहिला होता, तोही वरमाला झाल्यावर, सुटकेचा.

"जावईबुवा, सगळा मोथा साफ केला," ते म्हणाले. "तुमचं ध्यान नव्हतं वाटते. जमीन खाऊन टाकते हा मोथा. साठ वर्षं याच्याशीच भांडलो मी."

कुंपणाबाहेर माझे चाळीसच्या चाळीस झुबके ढिगानं पडले होते. 'बापू, तो मोथा नव्हे, लव्हाळा आहे, मुद्दाम लावलेला,' हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते मीराला हाक मारून म्हणाले, "भूक लागून राहिली, बाई, काय केलं आज?" आणि आत जाऊन दोन भाकरी खाल्ल्या. मीरानं तिसरी वाढली, तीही खाल्ली. वेळ विचारली नाही. जेवून झोपले ते घोरायला लागले.

मी मीराकडे बघितलं. मीरानं माझ्याकडे बघितलं. मी वाक्य गिळलं.

पण झुबके तर वाचवायला हवे होते. बापू एक ते तीन झोपतात. मी त्या वेळात ढिगातून झुबके आणले आणि सगळे परत लावले. (लव्हाळ्याला खरोखरच काही वाटत नाही. माझं तसं नव्हतं.) दोन दिवसांनी बापूंनी ते पाहिले. मी दाराआडून बघत होतो. त्यांनी बाह्या वर सारल्या, आणि मला कबूल केलं पाहिजे, त्यांच्या डोळ्यांत मला तेज दिसलं. संध्याकाळपर्यंत जागा साफ, भाकरी तीन.

मग तो परिपाठच झाला. बापू सकाळी उपटायचे, मी दुपारी लावायचो. तेच चाळीस झुबके आत-बाहेर, आत-बाहेर. बापू जेवताना मला मोथ्याचा स्वभाव समजावून सांगत. गाठ जमिनीत राहिली की तो पुन्हा येतो, म्हणून त्याच्याशी दया नको, म्हणत. इतका चिवट मोथा त्यांनी साऱ्या पांढुर्ण्यात पाहिला नव्हता. मी गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेत असे. मनातून मी स्वतःवर भलताच खूश होतो. एका म्हाताऱ्या माणसाला मी गुपचूप जगवतो आहे, असं मला वाटे, आणि कधीकधी तर डोळे भरून येत.

हे मी मीराला सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा," आणि वह्या तपासायला लागली. मला वाटलं, भावना लपवते आहे.

दसऱ्याच्या चार दिवस आधी समिधा येणार होती. तिला ऑफिससाठी लव्हाळ्याचे फोटो हवे होते. म्हणून आदल्या दुपारी मी जरा घाई केली. तेहतिसावा झुबका लावताना पाय सरकला आणि मी त्या चिखलात असा बसलो, की उठताच येईना. मीरा शाळेतून आली तेव्हा मी तसाच होतो, हातात झुबका.

"काय करून राहिले तुम्ही?" तिनं विचारलं.

"लव्हाळा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधला आणि आठ दिवस अंथरूण सांगितलं. मला कमरेपेक्षा बापूंची काळजी. आता लावणार कोण? उद्या सकाळी ते उपटतील, मग परवा काय उपटतील? परत खुर्ची, परत अर्धी भाकरी. समिधा आली तेव्हा मी तिला जवळ बोलावून सगळं सांगितलं आणि दुपारी एक ते तीनची ड्यूटी तिच्यावर टाकली. तिनं ऐकून घेतलं आणि खिडकी उघडली. खिडकी मागच्या अंगणावर उघडते.

बाहेर बापू उकिडवे बसून लव्हाळा लावत होते. दोरी बांधून, सरळ ओळीत, संत्र्याची कलमं लावावीत तसा. मीरा त्यांना झुबके देत होती.

"हा लव्हाळा व्हय, मोथा नव्हे, हे मले पयल्याच खेपेस ढिगातल्या मुळ्या पाहून समजलं होतं," बापू सांगत होते. "पण तोवर सगळा उपटून झाला होता. म्हटलं आता सांगीन यांना. तर दुपारी पाहतो, जावईबुवा उन्हात लावून राहिले. सहा महिन्यांत मी त्यांना खुर्चीतून उठताना पाहिलं नव्हतं, बाई. मग म्हटलं, उपटतच जावं. तेवढंच त्या माणसाचं मन लागते."

मीरानं खिडकीकडे न बघता पुढचा झुबका दिला. ती म्हणाली, "हो ना बापू. मले दोघांचंही माहीत होतं. दोघं जेवून राहिले होते ना, मग मी काहून बोलू?"

"अर्धे तर उलटे लावतात," बापू म्हणाले. "मी सकाळी पाहतो तर मुळ्या वर."

समिधानं खिडकी हळूच लावून घेतली. ती हसत नव्हती, पण तिचे खांदे हलत होते.

फोटो उत्तम आले. दसऱ्यानंतर, ती अजून घरीच असताना, तिच्या साहेबांचा फोन आला. त्यांनी तिला विचारलं की या लव्हाळ्याला मेंटेनन्स किती लागतो. फोन स्पीकरवर होता.

"कुछ नहीं, सर," समिधा म्हणाली. "बस, घर में दो बुज़ुर्ग चाहिए."

मला हे लागलं. मी मीराला म्हणालो की हिला सांग, मी आत्ताच साठी ओलांडली आहे. बापूंचं ठीक आहे, पण दोन कुठले? या घरात म्हातारा एकच आहे.

बापू तेव्हा अंगणात दुबेजींच्या टाकीचं पाणी वळवायला पाट खणत होते. मीरानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हो, एकच आहे," ती म्हणाली, आणि खुंटीवरचा कमरेचा पट्टा काढून माझ्या हातात दिला.