गुरुजींचा अकरावा खेळ

आपण आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नाही, हे केशोरीचे भैयालाल गुरुजी छाती पुढे काढून सांगायचे. सदतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, आणि निवृत्तीनंतर गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. कुणाची पोरगी पळून गेली की त्यांचं निदान ठरलेलं असे, "हे सगळं सिनेमानं केलं." लग्नानंतर पार्वताबाईंनी दोनदा सिनेमाचं नाव काढलं होतं. दोन्ही वेळा गुरुजींनी चष्म्यावरून असं पाहिलं की तिसऱ्यांदा काही त्यांचं धाडस झालं नाही.

आणि हेच गुरुजी दोन महिन्यांपासून दार लावून एक हिंदी सिनेमा पाहत होते. मोबाईलवर पावसाचा अंदाज शोधता शोधता तो हाती लागला. थेटरातून आठ दिवसांत उतरलेला, कुणी नावही न घेतलेला. त्यातला नायक गुरांचा खोटा डॉक्टर बनून नायिकेची म्हैस तपासायला येतो, आणि म्हैस दर वेळी त्याला लाथ घालते. त्या लाथेला गुरुजी असे हसायचे की पोट धरून खाटेवर आडवे व्हायचे. दहा वेळा पाहून झाला, तरी तेच.

त्या दुपारी पार्वताबाई बायकांना घेऊन शेतात धानाच्या रोवण्याला गेल्या होत्या. गुरुजींनी कडी लावली, कानात वायर घातली आणि अकराव्यांदा सुरुवात केली. शेवटाकडे नायिका रागावून गाडीत बसायला निघाली. तिच्या पिशवीत नायकाची चिठ्ठी आहे हे तिला माहीत नसतं, गुरुजींना असतं. त्यांना राहवेना. कान बंद असलेला माणूस किती मोठ्यानं बोलतो, हे त्याला स्वतःला कुठं कळतं?

"मत जा, पगली," गुरुजी कळवळून म्हणाले. "मन का साफ है वो. एक बार चिट्ठी तो पढ ले."

भिंतीपलीकडे शेजारच्या सुशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच टाकून त्या थेट शेतात पोचल्या.

"पार्वताबाई, रोवना राहू दे. गुरुजीच्या घरात बाई हाय."

"कोन बाई?"

"हिंदीवाली हाय. गोंदियाची असन. जाऊन राहिली आन हे रडून राहिले, नको जाऊ म्हनून. चिठ्ठ्यागिठ्ठ्या बी हायेत."

पार्वताबाईंनी हातातली धानाची रोपं बांधीतल्या चिखलातच सोडली. त्यांच्यामागून सहा बायका, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, वाटेत भेटेल त्याला हकीगत सांगत निघाल्या.

दारावर थापा पडल्या तेव्हा गुरुजींची त्रेधा उडाली. मोबाईल कुठं लपवावा सुचेना. शेवटी त्यांनी तो तांदळाच्या कोठीत खुपसला, झाकण लावलं आणि कडी काढली.

"कुटी हाय ते?" पार्वताबाईंनी विचारलं.

"कोण? कोणी नाही," गुरुजी म्हणाले. त्यांच्या कानातून वायर लोंबत होती. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

तेवढ्यात कोठीतून एका बाईचा दबका आवाज आला. "छोडो मुझे. सबको बता दूँगी, तुम कौन हो."

सुशीलाबाईंनी कोठीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. "गुरुजी, एवढ्याशा कोठीत कायले कोंबली तिले?"

आता बाई ठेवल्याची बदनामी पत्करावी की सिनेमा पाहिल्याची, याचा गुरुजी खरोखर विचार करू लागले. तो विचार पुरा होण्याआधी पार्वताबाईंनी कोपरापर्यंत हात घालून मोबाईल बाहेर काढला. पडद्यावर नायिका हुंदके देत होती. गुरुजींनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. म्हैससुद्धा.

पार्वताबाईंनी मोबाईलला चिकटलेले तांदूळ पदरानं झटकले.

"बाई असती तं भांडून मोकळी झाली असती मी," त्या म्हणाल्या. "अकरा डाव पाह्यला तुमी. एकट्यानं. मले एक डाव बी नाई बोलावलं." मग त्या खाली बसल्या. "लावा पयल्यापासून."

सात बायका चिखलाच्या पायांनी घरभर बसल्या. म्हशीनं पहिली लाथ घातली तेव्हा पार्वताबाई इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. गुरुजी पडद्याकडे पाहायचं विसरून त्यांच्याकडेच पाहत राहिले. मात्र सिनेमा अर्ध्यावर आला आणि बॅटरी संपली. लाईट तर सकाळपासूनच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्धी बांधी रोवायची राहिली होती. बायकांनी अट घातली की गुरुजींनी सोबत यावं आणि पुढची गोष्ट सांगावी. गुरुजी आले. धोतर खोचून, वाकून, एकेक रोप लावत सांगू लागले.

"असं नाई," सुशीलाबाई म्हणाल्या. "बाईचं बोलनं बाईच्या आवाजात म्हना."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. ती ऐकायला थांबली होती. त्यांनी घसा खाकरला आणि बारीक, रडवेल्या आवाजात नायिकेसारखा निरोप घेतला. मान वर करतात तो शेताच्या धुऱ्यावर समितीचा दुधराम. बैठकीचं बोलावणं घेऊन आला होता, पण गोष्ट ऐकत खाली बसला होता केव्हाचा.

"अध्यक्ष," तो म्हणाला, "मंग पोरगी थांबली का गेली?"

गुरुजींनी चिखलाच्या हातानं चष्मा सारखा केला.

"थांबली," ते हळूच म्हणाले. "पण बैठकीत माझं नाव घेऊ नको."