सेक्रेटरीला फक्त मलेरिया

डॉक्टर घडवणं हे एकट्या मेडिकल कॉलेजला झेपणारं काम नाही, असं सानपाड्याच्या मधुकर रेडकरांचं ठाम मत होतं. "कॉलेज शिकवतं हो, पण घडवतं कोण? घर!" असं ते म्हणत आणि म्हणताना हात स्वतःच्या छातीवर ठेवत. रेडकरांच्या कुळात कारकून झाले, पोस्टमास्तर झाले, एक जण सर्कशीत मॅनेजर होऊन आला, पण डॉक्टर एकही नाही! ती कसर भरून काढणार होता त्यांचा पुतण्या निशांत. कणकवलीहून काकांकडे शिकायला आलेला हा मुलगा भलताच हुशार. पुस्तकं तोंडपाठ. फक्त परीक्षक समोर बसला की ते तोंड उघडायचं नाही!

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला नेमका तिथेच घात झाला. पठ्ठ्याने पेशंट तपासला, रोग ओळखला आणि परीक्षक "बोला" म्हणाले तसा पंख्याकडे बघत बसला. नापास! घरी येऊन म्हणाला, "काका, पुन्हा एकदा बसतो. ह्या वेळीही असंच झालं तर गावी जातो. बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहेच."

मधुकररावांची पंचाईत झाली. आमचा पुतण्या डॉक्टर आहे, असं त्यांनी आधीच अर्ध्या सानपाड्याला सांगून ठेवलं होतं. आता तो खिळे विकतो, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

कॉलेजात अशा अडलेल्या मुलांसाठी मार्गदर्शन कक्ष होता. तिथल्या सरांनी निशांतला साधा सल्ला दिला. घरच्या माणसांसमोर मोठ्याने केस मांडायचा सराव कर, जमलं तर एखाद्या अनोळखी डॉक्टरला ऐकायला बोलव. बस्स, इतकंच. पण मधुकररावांच्या हाती सल्ला पडला की त्याचा समारंभ होतो!

त्यांनी रविवारसाठी सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल मिळवला. ऑफिसातल्या हरेशची मेव्हणी डॉक्टर होती, तिला परीक्षक म्हणून यायचं निमंत्रण धाडलं. मग खोटे पेशंट उभे करायला निशांतच्या पुस्तकातून झकास रोग निवडले आणि ते शेजाऱ्यांना वाटायला निघाले.

सुरुवात घरातूनच झाली आणि तिथेच खटका उडाला.

"टीबी?" त्यांच्या पत्नी जयमालाबाई कडाडल्या. "सगळ्या सोसायटीसमोर मी खोकत बसू? थायरॉइड द्या. तो तरी जरा बऱ्या घरातला वाटतो!"

पहिल्या मजल्यावरचे गोटीरामशेठ म्हणजे इथल्या मूळ गावचे. शेतं टाउनशिपमध्ये गेली, शेठ बिल्डर झाले. त्यांची अट सरळ होती. "रेडकर, मना बारीकसारीक रोग नको. गावात माझी इज्जत हाय. मोठा काय असंल तो द्या!"

त्यांना हार्ट अटॅक मिळाला. ही बातमी सेक्रेटरी देवजींच्या कानावर गेली आणि ते तणतणत आले. "मेंबरला हार्ट आणि सेक्रेटरीला फक्त मलेरिया? ही काही पद्धत झाली का, रेडकर? पदाचा काही मान?"

"अहो, मेंदूवर चढलेला मलेरिया देतो!" मधुकररावांनी वाढवून दिलं, तेव्हा कुठे देवजी शांत झाले.

इथपर्यंत सगळं छान होतं. फक्त तो आठवडा कुठला आहे, हे उत्साहाच्या भरात कुणी पाहिलं नाही. साल चौऱ्याण्णव, सुरतेत प्लेग निघाला होता. नवी मुंबईत जो तो तोंडाला रुमाल बांधून हिंडत होता, केमिस्टकडे टेट्रासायक्लिनची गोळी औषधाला मिळत नव्हती. आणि अशा रविवारी रेडकरांच्या हॉलमध्ये आठ माणसं गाद्यांवर आडवी होऊन जीव तोडून कण्हत होती!

बायजाबाई मासेवाल्या नेहमीप्रमाणे पाटी घेऊन आल्या, त्यांनी खिडकीतून डोकावलं. त्यांना बघून गोटीरामशेठना आणखी चेव आला. हार्टवाल्याला खोकला नसतो, हे विसरून ते असे खोकले की खिडकीची तावदानं हलली!

"आरं देवा! पलेग आयला! अख्खी बिल्डिंग आरवी परली!" असं ओरडत बायजाबाई पाटीसकट धावल्या त्या थेट मागच्या गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात.

थोड्याच वेळात दारात एक जीप थांबली. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे घातलेल्या एक डॉक्टरीणबाई आत आल्या. मधुकररावांना वाटलं, आली हरेशची मेव्हणी!

"या या मॅडम! तुमचीच वाट बघत होतो!"

"किती पेशंट आहेत?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"आठ! एकसे एक आहेत!"

"कधीपासून असे पडलेत?"

"नाश्ता झाला तेव्हापासून. पोहे खाऊनच आडवे झाले."

"अहो, मग दवाखान्यात का नाही आणलं?"

"दवाखान्यात?" मधुकरराव हसले. "मॅडम, तिथे नेले तर सगळं उघडं नाही का पडणार? आणि आठ कमी वाटत असतील तर सांगा. बी विंगमध्ये आणखी तयार होतील!"

बाई दोन पावलं मागे सरल्या. बिचाऱ्यांचे डोळे मास्कच्या वर मावत नव्हते!

"इथे डॉक्टर कोण आहे?"

सगळ्यांनी निशांतकडे बोट दाखवलं. निशांत पुढे आला, "पेशंट गोटीराम..." म्हणाला आणि पंख्याकडे बघू लागला. झालं!

बाईंनी वेळ घालवला नाही. बाहेर वळून त्यांनी जीपजवळच्या कर्मचाऱ्याला हाक दिली, "मारोती, पंप आण! बिल्डिंग बंद करा. कुणीही बाहेर जायचं नाही. सगळ्यांना हॉस्पिटलात हलवायचंय!"

मारोती फवारणीचा पंप पाठीला लावून आत आला मात्र, चमत्कार झाला! गोटीरामशेठ टुणकन उठले. जयमालाबाईंचा थायरॉइड पळाला. मेंदूवर चढलेला मलेरिया सगळ्यांच्या आधी जिन्यापर्यंत पोचला. एवढे रोगी एवढ्या झटपट कुठल्याच हॉस्पिटलात बरे झाले नसतील!

बाईंनी मधुकररावांना जाब विचारला. खरा प्रकार कळला तेव्हा मात्र त्यांचा पारा चढला. "लाज नाही वाटत? लोक इथे धास्तीने अर्धमेले झालेत आणि तुम्ही रोग-रोग खेळता? मी पोलिसांत तक्रार करते! नाव काय तुमचं?"

मधुकररावांचा चेहरा पडला. आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःचं नाव सांगायला जड जात होतं.

"मॅडम, त्यांना काही बोलू नका."

हा आवाज कुणाचा, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. निशांत! पंख्याकडे नाही, थेट बाईंच्या डोळ्यांत बघत होता!

"माझ्यासाठी केलं त्यांनी हे. मला परीक्षेत बोलता येत नाही म्हणून. त्यांना चौकीवर नेऊ नका, त्यांना बरं नाहीये. ह्या हॉलमध्ये एकच खरा पेशंट आहे आणि तो म्हणजे माझे काका."

"कशावरून?" बाईंनी दरडावून विचारलं.

"वय त्रेपन्न. नखं पांढरी पडलीत, दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागते. अंगातलं रक्त कमी झालंय. गेले काही आठवडे उभ्याने जेवतात, बसलेच तर एका कुशीवर. रात्री गुपचूप इसबगोल घेतात. शौचाला रक्त जात असणार, पण लाजेने कुणाला सांगत नाहीत. मला मूळव्याध वाटते. तरी तपासल्याशिवाय खात्री नको, मोठ्या आतड्याचं दुखणं नाही ना, हेही बघायला हवं!"

बाईंनी पुढे होऊन मधुकररावांची खालची पापणी ओढून पाहिली. मग निशांतला प्रश्नामागून प्रश्न विचारले. पोरगा थांबेचना! कुठल्या तपासण्या, कुठलं औषध, ऑपरेशन कधी, सगळं धडाधड!

"रक्त जातं का हो?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

मधुकररावांनी मान खाली घालून होकार दिला. अख्ख्या सोसायटीसमोर! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. पण त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. बोलला! पोर बोललं!

"उद्या ह्यांना दवाखान्यात घेऊन या," बाई निशांतला म्हणाल्या. "आणि परीक्षेत असंच बोला." तक्रारीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तपासण्या झाल्या. मूळव्याधच निघाली. छोटंसं ऑपरेशन झालं, काका खुर्चीत बसू लागले आणि निशांत परीक्षेत पास झाला, तोही चांगल्या मार्कांनी!

निकालाच्या दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या फळ्यावर सेक्रेटरी देवजींनी रंगीत खडूने लिहिलं, "डॉ. निशांत रेडकर यांनी आपल्या काकांच्या मूळव्याधीचे अचूक निदान करून सोसायटीचे नाव उज्ज्वल केले. हार्दिक अभिनंदन!" येणारा-जाणारा थांबून वाचत होता.

जयमालाबाई शरमेने लाल झाल्या. "अहो, आधी खाली जा आणि ते पुसून या!"

मधुकरराव तरातरा खाली गेले. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी मजकूर दोनदा वाचला. मग देवजींना हाक मारली.

"देवजी, हे काय लिहिलंय? नुसतं 'काका'? लोकांना कळणार कसं कुठले काका ते? माझं पूर्ण नाव टाका!"