आसेगावच्या लग्नातला फोटो

कामरगावच्या बस स्टँडसमोर देवानंदचा फोटो स्टुडिओ आहे. आसपासची निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून पार पडली आहेत. पण त्याच्या घरच्या भिंतीवर बायकोचा एकही फोटो नाही. लग्नानंतर नवऱ्याने काढलेला एकही फोटो रंजीताला पसंत पडलेला नाही (आणि भिंत तिची आहे).

परवा मात्र तिने ठरवलं, की आता एक लावायचाच.

"आसेगावच्या लग्नातला लावू," ती म्हणाली. "आपली सोयरीक व्हायच्या आधीचा, जांभळ्या साडीतला. काढनाऱ्यानं काय जीव ओतून काढला हो!" आणि ती चक्क लाजली.

एवढ्या संसारात ती देवानंदकडे पाहून अशी लाजली नव्हती. त्याच्या पोटात दुखायला लागलं.

त्या लग्नात पोराकडून फोटो काढायला देवानंद होता आणि पोरीकडून कारंज्याचा अमरसिंग. दोन्हीकडचे फोटोवाले वेगळे, पण अल्बम एकच. म्हणून शेवटी दोघांचे फोटो एकाच्या गळ्यात पडतात. रंजीता होती नवरीची मैत्रीण. म्हणजे फोटो अमरसिंगचाच! तोच अमरसिंग, ज्याच्याकडे ड्रोन आहे आणि ज्याच्यासमोर रुसलेल्या नवऱ्यासुद्धा आपोआप हसतात.

देवानंद जुन्या ड्राइव्ह घेऊन बसला. पहिलीत 'नवीन' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'नवीन फायनल', त्याच्या आत 'हेच खरं फायनल', आणि त्यात पोहरादेवीच्या यात्रेतल्या चपला. (कॅमेरा गळ्यात चालूच राहिला होता.) दुसरी ड्राइव्ह चालूच होईना. दोन थापट्या खाल्ल्यावर झाली, आणि तिच्यात आसेगावचं फोल्डर निघालं: 'पोरीकडचे'.

मांडवाच्या दारात, मुठीत अक्षता धरलेली रंजीता फोटो काढणाऱ्याकडे बघून हसत होती. फोटो इतका सुंदर होता, की देवानंदला रडूच आलं. आपल्याला जन्मात असा जमला नाही, आणि ही अशी हसली ती त्या अमरसिंगकडे बघून! त्याने फोटो कायमचा डिलीट केला. मग पहिल्या ड्राइव्हवरची कॉपी हुडकून तीही उडवली. तेव्हा कुठे जीव थंड झाला.

"सापडला काय?" रंजीता चहा घेऊन आली.

"उडवला! त्या अमरसिंगचा फोटो माह्या घरात लागनार नाई!"

"त्याचा कायले असन? तुमचं कार्ड भरलं म्हनून तुमी त्याचं मागून घेतलं नोव्हतं काय? माह्यासमोरच! त्या कार्डावर तुमीच काढला होता तो, म्हनून पोरीकडच्यात गेला. नवरीच्या अल्बममधी तो पाहूनच तं मी तुमच्या स्थळाले हो म्हनलं!"

देवानंदने दोन्ही ड्राइव्ह पुन्हा उपसून पाहिल्या; फोटो कुठेच नव्हता. उडालेले फोटो परत आणून देणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच होता.

दुसऱ्या दिवशी दोघं कारंज्याला गेली. अमरसिंगने ड्राइव्ह जोडली, काहीतरी खटपट केली, आणि पुढ्यातला चहा संपायच्या आत जांभळी साडी स्क्रीनवर हजर झाली.

"वा रे वा! कोनं काढला हा?" अमरसिंगने विचारलं.

"म्या!" देवानंदची छाती फुगली.

"आन् डिलीट कोनं केला?"

देवानंद पंख्याकडे बघू लागला.

"तेबी याईनंच," रंजीता म्हणाली. "हे कोनतंच काम अर्धवट सोडत नाईत."